हाडाची परांची
गेलेले जबड्याचे हाड पुन्हा उभारण्याचे शास्त्र : एक अभ्यासलेख

विषयप्रवेश

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ज्या मुलखाचे नित्याचे जेवण आहे, त्या मुलखातील माणसाला या म्हणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र या म्हणीने एक गोष्ट सांगितलेली नाही. दात गेला म्हणजे केवळ दातच जातो असे नव्हे. त्याच्या पाठोपाठ तो ज्या हाडात रोवलेला होता ते हाडही हळूहळू निघून जाते. दात पडलेला दिसतो, हाड गेलेले दिसत नाही. म्हणून दाताचा शोक होतो आणि हाडाची दखलही कोणी घेत नाही.

नौबादला एस. बी. पाटील दंतमहाविद्यालय असल्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याणकडील आपल्या लोकांना दंतवैद्याची खुर्ची आता परकी राहिलेली नाही. कवळीऐवजी हाडात पक्का बसविलेला कृत्रिम दात, ज्याला सर्वजण ‘इम्प्लांट’ म्हणतात, त्याचे नावही घरोघरी पोहोचले आहे. परंतु पुष्कळांना खुर्चीत बसल्यावरच पहिल्यांदा कळते की, दात बसवायला हाडच उरलेले नाही. असा प्रसंग साधारणपणे पुढीलप्रमाणे घडतो, अशी कल्पना करा.

“डाक्टरसाहेब, दात रोवून देता म्हणं तुम्ही. मलाबी रोवा की.”

“मावशी, दाढ काढून किती दिवस झाले?”

“दहा-बारा वर्षं झाली असतील. थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आधी काढली.”

“मग मावशी, खुंटी रोवायची म्हटली तरी भिंत पाहिजे ना? तुमची भिंतच झिजून गेली.”

ही झिजलेली भिंत पुन्हा उभारता येते काय, हा या लेखाचा विषय आहे. अलीकडे वर्तमानपत्रांतून ‘संगणकावर छापलेला जबडा’ अशा बातम्या येतात. त्या वाचून कोणाच्या मनात अवास्तव आशा निर्माण होते, तर कोणाला ती निव्वळ थाप वाटते. दोन्ही कल्पना चूक आहेत. खरे काय ते क्रमाने पाहू.

हाड का झिजते?

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते आणि त्यात अहोरात्र काम चाललेले असते. एका जातीच्या पेशी जुने हाड विरघळवून टाकतात. त्यांना आपण ‘अस्थिभक्षक’ म्हणू. दुसऱ्या जातीच्या पेशी नवे हाड घालतात, त्या ‘अस्थिजनक’. घरात एक गवंडी जुनी भिंत उकरीत असावा आणि दुसरा त्याच्या मागोमाग नवी बांधीत असावा, तसा हा प्रकार आहे. दोघांचा मेळ असेपर्यंत घर उभे राहते.

कोणत्या ठिकाणी बांधावे आणि कोठे पाडावे, हे हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. जर्मन शस्त्रवैद्य युलियस वोल्फ याने १८९२ साली हा नियम मांडला. हाड वापरात असले तर बळकट होते आणि वापर थांबला की क्षीण होते. जबड्याच्या ज्या भागात दाताची मुळे असतात, तो भाग तर जणू दातासाठीच असतो. दात येतो तसा तो घडतो. दात गेला की शरीराच्या दृष्टीने त्याचे प्रयोजन संपते. घासाचा भार येत नाही, अस्थिजनक पेशींना काम उरत नाही, आणि अस्थिभक्षकांचे काम मात्र चालू राहते.

ही झीज किती वेगाने होते, ते ऐकून आश्चर्य वाटेल. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दाढ किंवा उपदाढ काढल्यावर त्या जागेची रुंदी वर्षभरात सुमारे १२ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटरवर आल्याचे आढळले. म्हणजे निम्मी रुंदी गेली. आणि त्यातील दोनतृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षांपर्यंतची निरीक्षणे आन्त्ये तालग्रेन या विदुषीने १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यांत खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो असे दिसून आले. खालची कवळी सैल होऊन बोलताना वर का उचलली जाते, याचे कारण येथे आहे. त्यात कवळी करणाराचाच दोष असतो असे नाही. जमीनच खचत जाते.

इम्प्लांटला हाड किती लागते?

स्वीडनमधील प्राध्यापक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. हाडात बसविलेली टायटॅनियम धातूची छोटी नळी काम संपल्यावर काढू गेले, तो ती निघेना. हाडाने तिला आपलीच म्हणून धरून ठेवले होते. या अडचणीतूनच मोठा शोध लागला. १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या, खालचे दात नसलेल्या गृहस्थाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमच्या खुंट्या बसविल्या. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत त्या खुंट्यांनी त्यांना साथ दिली.

या खुंटीला, म्हणजे इम्प्लांटला, हाडाचा हिशेब चोख लागतो. साधारण इम्प्लांट सुमारे ४ मिलिमीटर जाड व ८ ते १२ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एक-दीड मिलिमीटर जिवंत हाड हवे. म्हणजे हाडाची रुंदी ६ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. खालच्या जबड्यात एक संवेदनावाहक मज्जातंतू हाडाच्या आतून जातो; त्याच्यापासून दोनेक मिलिमीटर दूर थांबावे लागते, नाहीतर ओठ व हनुवटी बधिर होण्याचा धोका असतो. वरच्या जबड्यात दाढांच्या वर गालफडातील हवेची पोकळी असते आणि दाढा गेल्यावर ती खाली उतरत येते. वरून पोकळी उतरते, खालून हाड झिजते. मध्ये कधीकधी केवळ दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. आता पुन्हा मघाच्या मावशींचा विचार करावा. बारा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी हा हिशेब बसणार कसा?

हाड भरण्याच्या रूढ रीती

कमी पडलेले हाड भरून काढण्याचे चार मार्ग वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहेत.

पहिला मार्ग म्हणजे रोग्याचे स्वतःचे हाड. ते हनुवटीतून, जबड्याच्या मागच्या कोनातून किंवा कंबरेच्या हाडातून काढतात. कर्करोगाने जबड्याचा मोठा भाग काढावा लागला, तर पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात बसवितात. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हिदाल्गो यांनी ही रीत जबड्यासाठी मांडली आणि आज मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती नित्याची आहे. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सर्वांत उत्तम समजले जाते. परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि मिळणाऱ्या हाडाला मर्यादा असते.

दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या माणसाने दान केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८८ साली ऊतक-पेढी सुरू केली. तेथे दानातून आलेले हाड शुद्ध करून, गोठवून वाळवितात व गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ही पेढी वाढविली. रक्तदान आणि नेत्रदान आपण जाणतो. अस्थिदानही असते, आणि त्यातील चिमूटभर भुकटी कोणाच्या तरी हिरडीत नवे हाड वाढविते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

तिसरा मार्ग प्राण्यांच्या, बहुधा गोवंशाच्या, हाडाचा. त्यातील सर्व सेंद्रिय अंश काढून उरलेला खनिज भाग कणांच्या रूपाने वापरतात. औषध म्हणून तो सुरक्षित व परिणामकारक ठरला आहे. तथापि आपल्या समाजात अनेकांच्या श्रद्धेचा हा प्रश्न असतो. म्हणून कोणत्या जातीचे हाड वापरणार, हे आधी विचारण्याचा रोग्याला हक्क आहे आणि न विचारता सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

चौथा मार्ग प्रयोगशाळेत तयार केलेल्या खनिजांचा. हाडाचा खनिज भाग मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचा असतो. तशीच द्रव्ये कृत्रिम रीतीने बनविता येतात.

या चारही मार्गांतील भुकटीची एक अडचण समान आहे. लहान, चोहोबाजूंनी भिंती असलेल्या खड्ड्यात भुकटी टिकते. पण ज्या ठिकाणी भिंतच पडलेली आहे, तेथे ती ओलसर वाळूप्रमाणे पसरते. गालाचा दाब, जिभेची हालचाल, कवळीचा रेटा यांनी तिचा आकार राहत नाही. हाड वाढायला काही महिने लागतात आणि तेवढा काळ जागा अढळ राहिली पाहिजे. येथेच परांचीची गरज उत्पन्न होते.

परांची म्हणजे काय?

इमारत बांधताना गवंडी बांबूंची परांची उभारतात. परांची ही इमारत नव्हे. ती उभे राहण्यास जागा देते, आकार ठरविते, आणि काम झाले की निघून जाते. हाडाची परांचीही तशीच असते : एक सच्छिद्र सांगाडा, जो गेलेल्या हाडाच्या आकाराचा असतो, आणि ज्याच्या आत रोग्याच्या स्वतःच्या पेशी शिरून हाड बांधतात.

यात छिद्रांना सर्वांत अधिक महत्त्व आहे. त्याचे कारण समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभ्याचा तुकडा हातात घेतला तर तो छिद्रांनी भरलेला दिसतो. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते. याच दगडातून बहामनी काळात, पंधराव्या शतकात, नौबादजवळ जमिनीखालून पाण्याचा बोगदा खोदला गेला. त्यालाच आपण कारेज किंवा सुरंग बावी म्हणतो. या बोगद्याच्या मार्गावर ओळीने उभ्या विहिरी आहेत. पाणी काढण्यासाठी तर त्या उपयोगी पडल्याच. परंतु खोदताना त्यांतूनच खालच्या मजुरांना हवा व उजेड मिळाला आणि उकरलेली माती वर आली. विहिरी नसत्या तर मजूर आत गुदमरून गेले असते.

हाडाच्या परांचीतही हेच घडते. जिवंत पेशी रक्तवाहिनीपासून फार दूर जगू शकत नाही. साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर एवढेच अंतर तिला मानवते. म्हणून सांगाडा भरीव असेल तर आत कोणीच जाऊ शकत नाही. छिद्रे फार बारीक असतील तर पेशी शिरतात पण रक्तवाहिन्या शिरत नाहीत. आणि मग मधला भाग उपाशी राहून तेथे हाड होतच नाही. अभ्यासकांच्या मते ही छिद्रे निदान ०·३ मिलिमीटरची, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीची, असावीत आणि ती एकमेकांना आतून जोडलेली असावीत. उलटपक्षी छिद्रे फार मोठी केली तर सांगाडा दुबळा होऊन मोडतो. हवा खेळती राहिली पाहिजे आणि छतही कोसळता कामा नये, ही कारेज खोदणाऱ्याची अडचण आजच्या शास्त्रज्ञापुढेही जशीच्या तशी आहे.

छपाई कशी होते?

बिदरी काम करणारा कारागीर मातीचा साचा करून त्यात जस्त-तांब्याचा रस ओततो. ओतीव वस्तू बाहेरून कितीही सुबक झाली, तरी तिच्या अंतर्भागात हजारो जोडलेल्या वाटा ठेवणे साच्याने साधत नाही. ते काम थरावर थर चढवूनच होऊ शकते. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली अशा थरवार घडणीच्या यंत्राच्या हक्कासाठी अर्ज केला आणि १९८६ साली तो मंजूर झाला. आज ज्याला त्रिमितीय छपाई म्हणतात, तिची सुरुवात येथून झाली.

जबड्यासाठी ही छपाई पुढील क्रमाने होते. प्रथम ‘कोन बीम सी.टी.’ या यंत्राने जबड्याचे क्ष-किरण चित्र घेतात. साध्या क्ष-किरण चित्रात सर्व काही सपाट दिसते. यात मात्र भाकरीच्या चळतीसारख्या चकत्या मिळतात आणि त्या रचून संगणक हाडाची हुबेहूब आकृती तयार करतो. मग शस्त्रवैद्य व अभियंता मिळून, हाड कोठे व किती कमी आहे ते पाहतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दात शेवटी कोठे यावयाचा आहे ते आधी ठरवितात, त्यावरून इम्प्लांटची जागा, आणि इम्प्लांटवरून हाडाचा आकार. हा उलट क्रम चुकला तर हाड उत्तम होऊनही दात वाकडा बसतो.

त्यानंतर छपाई. टायटॅनियम असेल तर त्याची बारीक पूड पातळ थरात पसरून, हव्या तेवढ्याच जागी लेझर किरणाने वितळवितात. मग दुसरा थर, मग तिसरा. कॅल्शियम-फॉस्फेट असेल तर त्याचा लगदा बारीक तोटीतून शेवयांसारखा घालून, नंतर भट्टीत भाजतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचे, शरीरात विरघळणारे एक प्लॅस्टिकसारखे द्रव्य आहे. ते सुमारे ६० अंश उष्णतेवर वितळते, म्हणून छपाईस सोपे जाते. तयार वस्तू निर्जंतुक करून शस्त्रक्रियेच्या वेळी स्क्रूंनी हाडावर घट्ट बसवितात. ती रोग्याच्या मापाचीच असल्यामुळे शस्त्रक्रियेच्या मेजावर पत्रा वाकवीत व कापीत बसण्याचा वेळ वाचतो.

तीन निरनिराळ्या वस्तू, एकच नाव

‘छापलेले हाड’ या एकाच नावाखाली तीन अगदी भिन्न वस्तू सांगितल्या जातात. त्यांत घोटाळा होऊ देऊ नये.

पहिली वस्तू कायमची धातूची. गेलेल्या हाडाऐवजी टायटॅनियमचाच भाग बसवितात. त्याचे हाड कधीच होत नाही. २०११ च्या जून महिन्यात नेदरलँड्समध्ये एका ८३ वर्षांच्या आजीबाईंना संपूर्ण खालचा जबडा असा छापून बसविण्यात आला. त्याचे वजन १०७ ग्रॅम होते आणि एका मिलिमीटर उंचीत ३३ थर होते. आपल्याकडे २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी म्हणून जो भयंकर रोग पसरला, त्यात जीव वाचविण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा काढून टाकावा लागला. महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्यात होरपळली. अशा रोग्यांसाठी मद्रासच्या आय.आय.टी.ने, दंतशस्त्रवैद्यांनी स्थापन केलेल्या एका चेन्नईच्या संस्थेबरोबर, प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचे टायटॅनियमचे भाग छापून देण्याचा उपक्रम २०२३ साली जाहीर केला. ज्याला ताटातील घास नाकातून बाहेर येण्याची यातना सोसावी लागली, त्याला या कामाचे मोल विचारावे.

दुसरी वस्तू तात्पुरती धातूची जाळी. मापानुसार छापलेली टायटॅनियमची पातळ जाळी तंबूसारखी बसवून तिच्याखाली हाडाची भुकटी भरतात. सहा ते नऊ महिन्यांनी जाळी काढून टाकतात आणि खाली तयार झालेल्या हाडात इम्प्लांट बसवितात. इम्प्लांटसाठी जबड्याची कड उभारण्याच्या कामी आज प्रत्यक्ष वापरात असलेली रीत मुख्यतः हीच. हिचा मोठा धोका म्हणजे वरची हिरडी फाटून जाळी उघडी पडणे. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण सहा रोग्यांमागे एक ते तिघांमागे एक असे आढळले आहे. जाळी लवकर उघडी पडली आणि तेथे जंतू शिरले, तर भरलेले हाड काही अंशी किंवा सर्वच वाया जाते.

तिसरी वस्तू खरी परांची : जी आपले काम करून स्वतः विरघळून जाते आणि मागे केवळ रोग्याचे हाड राहते. सर्वांचे ध्येय हेच आहे. परंतु ते अजून पूर्णपणे हाती आलेले नाही. द्रव्य फार लवकर विरघळले तर हाड तयार होण्याआधीच छत कोसळते. फार सावकाश विरघळले तर तेच हाडाच्या वाटेत आडवे येते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन विरघळायला दोन-तीन वर्षे लागतात. २०१५ साली मिलानचे प्राध्यापक राझपेरिनी व अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे संशोधक यांनी, हिरडीच्या रोगाने हाड गेलेल्या एका दाताभोवती अशी छापील परांची बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. वर्षभर ती शांतपणे टिकली. पुढे हिरडीतून उघडी पडली आणि काढावी लागली. द्रव्य फार सावकाश विरघळत होते आणि रचना जरा अधिक भरीव होती, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच मांडला. आपले अपयश उघडपणे छापणाऱ्या या संशोधकांचे शास्त्रावर ऋण आहे; कारण पुढच्याला खड्डा कोठे आहे ते त्यामुळे कळते.

हाड कोण बांधतो?

येथवर आल्यावर या सर्व विवेचनाचे सार सांगता येईल. यंत्र आकार देते. हाड देत नाही. हाड रोग्याचे रक्त बांधते. कितीही महागडी परांची आणली, तरी तिच्यावर चढणारे गवंडी रोग्याच्या शरीरातूनच यावे लागतात. म्हणून शस्त्रक्रियेचे यश बरेचसे रोग्याच्याच हाती असते.

तंबाखू हा या कामातील पहिला शत्रू. विडीने हिरडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. चघळण्याची तंबाखू तर जखमेवरच बसते. ज्याला तंबाखू सोडणे जमणार नाही, त्याने या शस्त्रक्रियेवर पैसा घालू नये, हे स्पष्टपणे सांगणे बरे. दुसरा शत्रू ताब्यात नसलेला मधुमेह. साखर वाढलेली असेल तर जंतूंना मेजवानी मिळते आणि नवे हाड रेंगाळते; मधुमेह ताब्यात असेल तर मात्र शस्त्रक्रिया करता येते. तिसरी गोष्ट, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगात दिली जाणारी काही औषधे. त्यांमुळे जबड्याचे हाड निर्जीव होऊ शकते, हे २००३ पासून वैद्यांच्या ध्यानात आले आहे. अशी गोळी किंवा इंजेक्शन पूर्वी घेतलेले असेल तर ते दंतवैद्यापासून लपवू नये. ज्यांच्या जबड्यावर किरणोपचार झालेले आहेत, त्यांनाही विशेष जपावे लागते. कारण तेथील रक्तवाहिन्याच कमी झालेल्या असतात.

आणखी एक गोष्ट : जखमेवर काही आठवडे कवळीचा दाब येऊ देता कामा नये. “लोकांत तोंड कसं दाखवू?” म्हणून जुनी कवळी गुपचूप घालणारे रोगी असतात. त्या चार दिवसांच्या लाजेपायी सहा महिन्यांचे काम वाया जाते.

सोपे मार्ग आधी पाहावेत

प्रत्येकाला हाड उभारण्याची गरज असतेच असे नाही. खालचे सर्व दात गेलेल्या वृद्धाच्या जबड्याचा पुढचा भाग पुष्कळदा टिकून असतो. तेथे केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकविता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यासाठी किमान हीच योजना प्रथम सुचवावी असे मत दिले. आखूड इम्प्लांट, तिरपे इम्प्लांट, वरच्या जबड्यासाठी गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट असेही पर्याय आहेत. आणि नीट बनविलेली साधी कवळी हीदेखील काही कमीपणाची गोष्ट नव्हे.

सर्वांत स्वस्त परांची मात्र निसर्गानेच दिलेली आहे, ती म्हणजे दाताची खोबणी. दात काढताना हाडाच्या भिंती न मोडता हळुवारपणे काढला आणि आवश्यक तेथे त्याच वेळी खोबणीत हाडाची भुकटी भरली, तर झीज पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. पहिल्या तीन महिन्यांचे महत्त्व आपण वर पाहिलेच आहे. त्याही अलीकडे जाऊन म्हणावयाचे, तर वाचविण्यासारखा दात काढूच नये. मुळाचा उपचार करून राखलेला जुना दात, हा कोणत्याही छापील हाडापेक्षा अधिक चांगला हाडरक्षक होय.

दंतवैद्यास विचारावयाचे प्रश्न

कोणी हाड उभारण्याचा सल्ला दिला, तर घाबरून जाऊ नये व भुलूनही जाऊ नये. घरातील एखाद्या समंजस माणसाला बरोबर घेऊन पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत :

१. माझे हाड रुंदीत कमी आहे की उंचीत, आणि किती मिलिमीटर? ते चित्रात दाखवाल काय?
२. हाड न वाढविता दात बसविण्याचा दुसरा मार्ग माझ्यासाठी आहे काय?
३. बसविणार ती वस्तू कायम राहणारी, काढावी लागणारी, की विरघळणारी?
४. भरण्याचे हाड माणसाचे, प्राण्याचे की कृत्रिम? त्याच्या वेष्टनावरील नाव व क्रमांक मला लिहून मिळेल काय?
५. ही रीत नित्याची आहे की प्रायोगिक? प्रायोगिक असेल तर लेखी माहिती व संमतिपत्र कोठे आहे?
६. हिरडी उघडी पडली किंवा हाड धरले नाही, तर पुढे काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाकडे?
७. पहिल्या दिवसापासून पक्का दात बसेपर्यंत एकूण किती महिने व किती खेपा लागतील?

शेवटचा प्रश्न आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. असे काम बहुधा नऊ महिने ते वर्षभर चालते. त्यासाठी हैदराबाद, सोलापूर किंवा बेंगळुरूच्या खेपा कराव्या लागल्या, तर गाडीभाडे व बुडालेली मजुरी हीदेखील उपचाराच्या खर्चातच धरली पाहिजे. अनेकांचे उपचार पैशापेक्षा या खेपांनीच अर्धवट राहतात, आणि अर्धवट उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट असतो.

समारोप

आपण कल्पिलेल्या मावशींना शेवटी काय सांगावे? त्यांचे हाड उभारता येण्याजोगे असेल, साखर ताब्यात असेल, मिश्री सुटली असेल आणि वर्षभराच्या खेपांची तयारी असेल, तर त्यांनी जरूर आशा धरावी. तसे नसेल, तर चांगली बसणारी कवळी घेऊन सुखाने जेवावे. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. परंतु त्यांच्या धाकट्या लेकीची दाढ दुखू लागली, तर “उपटून टाक, कटकट जाईल” असा सल्ला मात्र त्यांनी देऊ नये. उपटलेल्या दाढेबरोबर काय जाते, ते आता त्यांना कळले आहे.

कारेज खोदणारे मजूर गेले. त्यांनी सोडलेल्या वाटांनी पाणी मात्र शतकानुशतके वाहिले. छापील परांचीचे यशही याहून निराळ्या मापाने मोजता येणार नाही. ती स्वतः किती काळ टिकली याला महत्त्व नाही. ती गेल्यावर तेथे रोग्याचे स्वतःचे, भाकरीचा घास पेलणारे हाड उभे राहिले काय, एवढेच पाहावयाचे.